एक रुपया बरोबर एक डॉलर? थांबा, आधी हिशेब करू

आजच्या भागाची सुरुवात एका कबुलीने करतो.

२०१३ साल. मी तेव्हा दहावीत होतो. तालुक्याच्या गावी वक्तृत्व स्पर्धा होती आणि विषय होता, "माझ्या स्वप्नातील भारत". मी माईकसमोर उभा राहिलो आणि पहिल्याच वाक्यात बार उडवला. "परीक्षक महोदय, १५ ऑगस्ट १९४७ रोजी एक रुपया म्हणजे एक डॉलर होता! आणि आज? आज एका डॉलरला अडुसष्ट रुपये मोजावे लागतात!" टाळ्या पडल्या. मागे बसलेल्या एका सरांनी मान डोलावली. मला दुसरा नंबर मिळाला.

घरी येऊन आजोबांना तेच भाषण पुन्हा करून दाखवलं. आजोबा माणदेशातले, दुष्काळी भागातले. शिक्षण चौथी. १९४७ साली ते नऊ-दहा वर्षांचे होते. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "डॉलरचं मला काय ठाऊक नाही बाळा. पण आमच्या घरात रुपया कधी यायचा, ते विचार की."

मी हसलो. मला वाटलं, आजोबांना अर्थशास्त्र कळत नाही.

पुढे बीटेक झालं, नोकरी लागली, आणि एका रविवारी सहज म्हणून मी तो आकडा तपासला. तेव्हा कळलं की माझं भाषण चुकीचं होतं आणि आजोबांचा प्रश्न बरोबर होता. आजचा भाग त्याच प्रश्नाबद्दल आहे.

हे वाक्य कुणाचं?

खरं तर कुणाचंच नाही, आणि सगळ्यांचं आहे. मी ते टीव्हीवर एका नेत्याच्या भाषणात ऐकलं होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया डॉलरमागे ६८ च्या पुढे घसरला होता आणि तेव्हाचे विरोधक रोज सरकारला झोडपत होते. २०२२ मध्ये रुपयाने ऐंशी ओलांडली. तोपर्यंत खुर्च्या बदलल्या होत्या, पण वाक्यं तीच राहिली. काल जे "रुपया पडला म्हणजे देशाची इज्जत पडली" म्हणत होते, ते आज जागतिक परिस्थिती समजावून सांगत होते. आणि काल जे समजावत होते, ते आज इज्जतीवर आले होते.

म्हणून आज मी कुठल्या एका पक्षाला धरणार नाही. ही तुलना सत्तेबाहेर असलेल्या प्रत्येकाच्या हाताशी लागलेलं हत्यार आहे. आपण फक्त ते हत्यार उघडून बघू, आत काय आहे ते.

पहिली गोष्ट: साधा गुणाकार-भागाकार

१९४७ मध्ये रुपयाचा डॉलरशी थेट संबंधच नव्हता. रुपया बांधलेला होता ब्रिटिश पौंडाला. १९२७ च्या चलन कायद्याने ठरवलं होतं की एक रुपया म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स.

आता जुनी ब्रिटिश नाणी जरा विचित्र होती. १२ पेन्सचा एक शिलिंग, २० शिलिंगांचा एक पौंड. म्हणजे एका पौंडात २४० पेन्स. आणि १ शिलिंग ६ पेन्स म्हणजे १८ पेन्स. २४० भागिले १८ किती? १३.३३. म्हणजे एका पौंडाला १३ रुपये ३३ पैसे.

पौंड आणि डॉलरचा दर तेव्हा ठरलेला होता, एका पौंडाला ४.०३ डॉलर. मग १३.३३ रुपये म्हणजे ४.०३ डॉलर. म्हणजे एक डॉलर साधारण ३ रुपये ३० पैसे.

एक रुपया बरोबर एक डॉलर व्हायचा असता, तर एका पौंडाला तेरा डॉलर मिळायला हवे होते. तसं १९४७ मध्ये कधीच नव्हतं. आणि हे कुठल्या गुप्त फायलीत दडलेलं नाही. डिसेंबर १९४६ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सदस्य देशांच्या चलनांचे अधिकृत दर जाहीर केले, त्यात रुपयाही होता. एक रुपया म्हणजे ३० सेंटपेक्षा किंचित जास्त. तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते आपले सी. डी. देशमुख. या पदावर बसलेले पहिले भारतीय, आणि मराठी माणूस.

तर आकडा खोटा आहे. पण मंडळी, मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. समजा, मी भाषणात म्हणालो असतो की "१९४७ मध्ये डॉलर ३ रुपये ३० पैशांना होता आणि आज अडुसष्टला आहे." आकडा खरा. टाळ्या तेवढ्याच. आणि तरीही तुलना फसवीच राहिली असती. ती कशी, हे कळायला आपल्याला आणखी वीस वर्षं मागे जावं लागेल.

रुपया "मजबूत" कुणी ठेवला होता?

मघाशी मी म्हणालो की १९२७ मध्ये रुपया १८ पेन्सचा ठरला. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो १६ पेन्सचा होता. म्हणजे सरकारने रुपया महाग केला. आजच्या भाषणांच्या हिशेबाने ही आनंदाची बातमी, नाही का? रुपया वधारला, देशाची शान वाढली!

पण तेव्हाच्या भारतीय नेत्यांनी यावर प्रचंड गदारोळ केला. मुंबईचे मोठे व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकूरदास हे या प्रश्नावर नेमलेल्या शाही आयोगाचे, म्हणजे हिल्टन यंग आयोगाचे सदस्य होते. त्यांनी या शिफारशीला आपला वेगळा, विरोधी अभिप्राय जोडला. का?

एक उदाहरण घेऊ. विदर्भातला एक शेतकरी आहे, त्याचा कापूस परदेशी जातो. तिथे कापसाच्या एका छोट्या गाठोड्याला १८ पेन्स मिळतात असं धरू. रुपया १६ पेन्सचा असेल तर या १८ पेन्सचे इकडे होतात १ रुपया २ आणे. आता सरकारने रुपया १८ पेन्सचा केला. तोच कापूस, तेच १८ पेन्स, पण इकडे हातात येतो फक्त १ रुपया. दोन आणे गेले. शेतसारा मात्र रुपयांतच भरायचा आणि तो काही दोन आण्यांनी कमी झाला नाही. सावकाराचं कर्जही रुपयांतच.

आता उलट बघा. मँचेस्टरहून १८ पेन्सचं कापड मुंबईच्या बंदरात येतं. आधी ते १ रुपया २ आण्यांना पडायचं, आता १ रुपयाला. विलायती कापड स्वस्त. मग गिरणगावातल्या गिरणीचं कापड कोण घेणार?

आणि तिसरा एक ग्राहक होता, खुद्द सरकार. भारत सरकारला दरवर्षी लंडनला पौंडांत पैसे पाठवावे लागत. निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शन, कर्जाचं व्याज, लंडनमधल्या कचेरीचा खर्च. रुपया महाग म्हणजे तेवढ्याच पौंडांसाठी कमी रुपये लागणार. सरकारची सोय झाली.

म्हणजे "मजबूत" रुपयाने कुणाचं भलं केलं, तर विलायती गिरणीवाल्याचं, लंडनच्या कचेरीचं आणि पेन्शन घेऊन इंग्लंडला परतणाऱ्या साहेबाचं. बिल कुणाच्या नावावर फाटलं? कापसाच्या शेतकऱ्याच्या.

आता यातली सगळ्यात भारी गोष्ट ऐका. मला ती कळली तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो होतो. जानेवारी १९३० मध्ये, मिठाच्या सत्याग्रहाच्या आधी, गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनपुढे अकरा मागण्या ठेवल्या. त्यात मिठावरचा कर रद्द करा ही मागणी होती, शेतसारा निम्मा करा ही होती, आणि त्याच यादीत अशीही एक मागणी होती: रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्सवर आणा.

कळलं का? गांधीजी म्हणत होते, रुपया स्वस्त करा! ज्या "ताकदवान" रुपयाची आठवण काढून आज सभांमध्ये उसासे टाकले जातात, त्याच रुपयाविरुद्ध स्वातंत्र्य चळवळ लढत होती. दराची एकच पट्टी लावली, तर सगळ्यात चांगलं राज्य इंग्रजांचं ठरतं. पट्टीच अशी असेल तर ती फेकून द्यायला नको का?

मग स्वस्त रुपया चांगला का?

थांबा, इतक्यात टाळ्या नकोत. कारण आता मी तुम्हाला दुसऱ्या टोकाला ढकलून तीच चूक करेन. सत्तेतला पक्ष हेच करतो. रुपया घसरला की म्हणतो, "बरंच झालं, निर्यात वाढेल."

१९२३ मध्ये लंडनमध्ये एक पुस्तक आलं, रुपयाच्या प्रश्नावर. लेखक होते डॉ. भीमराव आंबेडकर. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला त्यांचा प्रबंध. पुढे हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्षही दिली. त्या पुस्तकातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. बाबासाहेब विचारतात, चलन घसरल्यावर जो नफा होतो, तो येतो कुठून? आणि उत्तर देतात: चलन घसरलं की वस्तूंचे भाव आधी चढतात, मजुरी मागून, रखडत चढते. मधल्या काळात मालकाला फायदा होतो आणि तो फायदा मजुराच्या खिशातून येतो.

म्हणजे बघा. एका बाजूला महाग रुपयाने शेतकऱ्याचं नुकसान, दुसऱ्या बाजूला घसरत्या रुपयाने मजुराचं. दोन्ही खरं आहे. रुपयाचा दर ही देशाच्या इज्जतीची नोंद नव्हे. तो एका घरातून दुसऱ्या घरात पैसे सरकवणारा सरकता दरवाजा आहे. तो सरकला की पहिला प्रश्न हाच हवा की कुणाच्या घरातून गेले आणि कुणाच्या घरात आले.

"तेव्हा ३, आज ६८" या वाक्यात नेमका हाच प्रश्न गायब होतो.

"तेव्हा देशावर कर्ज नव्हतं"

या फॉरवर्डचं दुसरं वाक्य तुम्ही वाचलं असेल. "१९४७ मध्ये भारतावर एक पैसाही परदेशी कर्ज नव्हतं, उलट ब्रिटन आपलं देणं लागत होतं." यातला दुसरा भाग खरा आहे, म्हणूनच तो जास्त फसवतो.

दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटन भारताचं शंभर कोटी पौंडांपेक्षा जास्त देणं लागत होतं. पण हे पैसे साठले कसे? युद्धात ब्रिटिश सरकारने भारतातून कापड, धान्य, पोलाद, गोळाबारूद उचललं. रोख दिली नाही. लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड लिहिले गेले, "नंतर देऊ" म्हणून. आणि इकडे त्या पौंडांच्या आधारावर रिझर्व्ह बँकेने नोटा छापल्या, माल विकणाऱ्यांना द्यायला. बाजारातला माल युद्धावर चालला आणि त्याच वेळी बाजारात नोटांचा पूर आला. पुढे काय होणार ते सांगायला नको. भाव भडकले.

१९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला. किती माणसं गेली याचे अंदाज पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत जातात. दुष्काळाची कारणं अनेक होती, पण युद्धखर्चामुळे पेटलेली महागाई हे त्यातलं एक मोठं कारण. भूमिहीन मजूर, कोळी, छोटे कारागीर यांच्या हातातल्या पैशाला तांदूळच येईना.

म्हणजे ज्या शिलकीचा आपण अभिमानाने फॉरवर्ड फिरवतो, ती उपाशी माणसांच्या ताटातून काढलेली बचत होती. १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वूड्सला जी जगप्रसिद्ध परिषद झाली, तिथे भारतीय शिष्टमंडळाने हा प्रश्न मांडला होता. देशमुख त्या शिष्टमंडळात होते. परिषदेने तो विषय हातात घेतला नाही.

"कर्ज नव्हतं" हे वाक्य बोलायला दोन सेकंद लागतात. ते का नव्हतं हे सांगायला मला आत्ता दोन मिनिटं लागली. सभेत दोन मिनिटं कोण देतो?

पाकिस्तानचा रुपया भारी होता तेव्हा

आता एक प्रयोग करू. पट्टी तीच ठेवू, फक्त देश बदलू.

सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंडाचं अवमूल्यन केलं. ४.०३ डॉलरचा पौंड २.८० डॉलरवर आला. भारताने रुपयाही त्याच प्रमाणात खाली आणला, म्हणून डॉलर ४ रुपये ७६ पैशांना झाला. पाकिस्तानने मात्र अवमूल्यनाला नकार दिला. त्यांचा रुपया आधीच्याच दरावर राहिला. परिणाम असा की १०० पाकिस्तानी रुपये म्हणजे १४४ भारतीय रुपये!

व्हॉट्सअ‍ॅपच्या पट्टीने मोजलं तर त्या वर्षी पाकिस्तानने आपल्याला चारी मुंड्या चीत केलं. प्रत्यक्षात काय झालं? पूर्व बंगालचा ताग कोलकात्याच्या गिरण्यांत यायचा. तो एका रात्रीत ४४ टक्क्यांनी महाग झाला. भारताने तो दर मानायला नकार दिला आणि काही काळ दोन देशांतला व्यापार जवळपास ठप्प झाला. कोलकात्याच्या गिरण्यांना ताग मिळेना आणि पलीकडे ताग पिकवणाऱ्याला त्याचं मोठं गिऱ्हाईक मिळेना. १९५५ मध्ये पाकिस्ताननेही अवमूल्यन केलं.

आता जपान. १९४९ पासून १९७१ पर्यंत एका डॉलरला ३६० येन हा दर होता. त्याच काळात आपल्याकडे डॉलर आधी पावणेपाच रुपयांना आणि मग साडेसात रुपयांना होता. म्हणजे आकड्याने आपला रुपया येनच्या कितीतरी वर! आणि त्याच वीस वर्षांत युद्धात बेचिराख झालेला जपान जगातली आघाडीची अर्थव्यवस्था झाला.

आम्ही कोड लिहिणारे लोक याला एका शब्दात सांगू: युनिटचा घोळ. एका रकान्यात फूट भरलेत, दुसऱ्यात मीटर, आणि प्रोग्रॅम बिनधास्त तुलना करून निकाल देतोय. एरर येत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. चलनाचं एक युनिट केवढं ठेवायचं हा इतिहासाचा अपघात असतो. किती वेगाने बदललं, का बदललं, आणि त्याच काळात भाव आणि मजुरी किती बदलली, हे बाजूला ठेवल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ येत नाही.

नेतेसुद्धा आपल्याच जाळ्यात

असं वाटेल की हे सगळं आम जनतेला फसवायचं तंत्र आहे आणि नेते मात्र आतून हुशार असतात. तसं नाही. ही तुलना इतकी घोटली गेली की तिने नेत्यांनाच बांधून टाकलं.

६ जून १९६६. इंदिरा गांधींना पंतप्रधान होऊन पाच महिनेही झाले नव्हते. १९६२ आणि १९६५ ची दोन युद्धं, १९६५ चा दुष्काळ, परदेशी मदत थांबलेली. सरकारने रुपयाचं अवमूल्यन केलं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून थेट साडेसात रुपयांवर. विरोधक तर तुटून पडलेच, पण काँग्रेसचे अध्यक्ष कामराजही नाराज झाले. अमेरिकेच्या दबावाखाली देश झुकला, हा शिक्का बसला. पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत काँग्रेसची लोकसभेतली संख्या ३६१ वरून २८३ वर आली. त्याला इतरही कारणं होती, महागाई आणि अन्नटंचाई तर होतीच. पण राजकारण्यांनी धडा एकच घेतला: रुपयाला हात लावायचा नाही.

आता १९९१ ला या. देशाकडे जेमतेम काही आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन उरलेलं. सोनं गहाण टाकायची वेळ आलेली. अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अवमूल्यन दोन टप्प्यांत करायचं ठरवलं, कारण एकदम केलं तर १९६६ ची पुनरावृत्ती होईल ही भीती. रिझर्व्ह बँकेबरोबर सांकेतिक नाव ठरलं, "हॉप, स्किप अँड जंप". १ जुलैला पहिला टप्पा झाला. पंतप्रधान नरसिंह राव अस्वस्थ झाले. ३ जुलैला सकाळी दुसरा टप्पा थांबवता येईल का, असं विचारणारा फोन मनमोहन सिंगांनी रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना केला. पण तोवर उशीर झाला होता. नवा दर जाहीर होऊन गेला होता.

विचार करा. देशाची तिजोरी रिकामी व्हायला आली आहे, आणि पंचवीस वर्षांपूर्वीच्या शेरेबाजीची भीती अजून निर्णयावर सावली धरून आहे. चुकीची तुलना मतदाराची दिशाभूल करते हे खरंच. पण ती वारंवार केली की योग्य निर्णय घेणाऱ्याचे हातही बांधते. मग जो दर हळूहळू बदलायला हवा, तो वर्षानुवर्षं ताणून धरला जातो आणि एक दिवस धाडकन तुटतो. तो तुटतो तेव्हा डोक्यावर पडतं ते सामान्य माणसाच्या.

भोळा मतदार नक्की कोण?

आपल्याकडे बोलायची एक पद्धत आहे. "अडाणी लोकांना काय कळतंय, नेते काहीही सांगतात आणि ते मतं देतात." मीही असंच म्हणायचो.

पण माझ्याच घरात बघा. डॉलरचं वाक्य गिळलं कुणी? मी. पुढे बीटेक होणारा, दहावीला गणितात पैकीच्या पैकी घ्यायची तयारी करणारा मुलगा. मान कुणी डोलावली? शिकलेल्या सरांनी. आजही आमच्या फॅमिली ग्रुपवर हा मेसेज येतो आणि पाठवणारे बहुतेक वेळा पदवीधर असतात. ज्याला डॉलर माहीत आहे, त्यालाच डॉलरच्या नावाने फसवता येतं.

आजोबांना डॉलर माहीत नव्हता. पण घरात रुपया कधी यायचा, हे पक्कं माहीत होतं. सुगी झाल्यावर वर्षातून एकदा, आणि आला तसा सावकाराकडे जायचा. १९४७ मध्ये भारतात जन्मलेलं मूल सरासरी ३२ वर्षं जगेल असा हिशेब होता. १९५१ च्या जनगणनेत शंभरातल्या साधारण अठरा जणांनाच लिहिता-वाचता येत होतं. आजोबांनी हे आकडे कधी वाचले नाहीत. ते त्या आकड्यांच्या आत राहत होते. म्हणून "तेव्हा रुपया भारी होता" म्हटल्यावर त्यांच्या मनात पहिला प्रश्न आला: कुणाचा?

आता कुणी म्हणेल, मग काय रुपया घसरला तर बोलायचंच नाही का? बोलायचं की! जरूर बोलायचं. रुपया घसरला की पेट्रोल महागतं, खाद्यतेल महागतं, परदेशात शिकणाऱ्या पोराच्या बापाचा हप्ता वाढतो. सत्तेत कोणीही असो, त्याला धरून विचारलंच पाहिजे. फक्त प्रश्न बदला. १९४७ कशाला? गेल्या एका वर्षात किती घसरला आणि का? आपल्यासारख्याच इतर देशांची चलनं त्याच काळात किती घसरली? रुपया घसरल्यावर निर्यातदाराला जे जास्तीचे पैसे मिळाले, त्यातले त्याच्या कारखान्यातल्या कामगारापर्यंत किती पोचले? माझ्या तालुक्यातल्या शेतमजुराची मजुरी तेल-डाळीच्या भावाच्या पुढे आहे की मागे?

या प्रश्नांना टाळ्या पडत नाहीत, हे मला स्टेजवर उभं राहिल्याच्या अनुभवाने माहीत आहे. पण यांची उत्तरं द्यावी लागतात. "१९४७ मध्ये डॉलर एक रुपयाला होता" याला उत्तरच नसतं, कारण त्यात प्रश्नच नसतो. त्या वाक्याचा सगळ्यात मोठा फायदा बोलणाऱ्याला हाच आहे की सभेतून उठून घरी जाताना तुमच्याकडे राग असतो, पण विचारायला काहीच नसतं.

त्या वक्तृत्व स्पर्धेचं प्रशस्तिपत्र आईने अजून जपून ठेवलंय, लॅमिनेशन करून. मागच्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा कपाटात सापडलं. आजोबा आता नाहीत. मी प्रशस्तिपत्राच्या मागे पेनाने बारीक अक्षरात लिहिलं: "१ डॉलर = ३ रुपये ३० पैसे. आणि आपल्या घरात रुपया सुगीला यायचा."

तुमच्या घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर या आठवड्यात त्यांना एवढंच विचारा. लहानपणी हातात रुपया पहिल्यांदा कधी आला आणि त्याचं काय केलं? जे सांगतील ते रेकॉर्ड करून मला पाठवा. पुढचा भाग त्यावरच करू.

भेटू मंडळी. हिशेब करत राहा.